गुटरूची आजी

महाड, सोमवार, दि. ८ नोव्हेंबर १९९९

रिझवाना सकाळच्या एस.टी.ने पुन्हा मुंबईस गेली. कारण तेच : मुंब्र्यास राहणारी तिची धाकटी बहीण सादिया अंथरुणाला खिळली आहे आणि तिचे करणारे दुसरे कुणी नाही. आजाराचे नाव विचारले तेव्हा सुनेने प्रथम कावीळ सांगितली होती. आज ‘अशक्तपणा’ असे म्हणाली. कावीळ उतरल्यावर अशक्तपणा येतो हे मला ठाऊक आहे. परंतु आजारी बहिणीस भेटावयास जाणारी व्यक्ती मोसंबी नेते. ज्येष्ठमध आणि सुंठ नेत नाही. या दोन्ही वस्तू मी तिच्या पिशवीत पाहिल्या. पिशवी उघडीच होती.

राहीलने आखातात जाताना मला एवढेच सांगितले होते, “अब्बा, हिच्याकडे लक्ष ठेवा.” त्यानंतर आम्हा बापलेकांत बोलणे नाही. तो सौदीच्या वाळवंटात तेलाच्या नळवाहिनीच्या कामावर ट्रक चालवतो. तिथे महाडचे दुसरे कुणी नाही. त्याच्या पहिल्या दोन पत्रांतील अशुद्धे मी लाल शाईने दुरुस्त करून ती त्याला परत पाठवली. त्यावर त्याने पत्रे लिहिणेच सोडले आणि कॅसेटी पाठवू लागला. आमच्या आळीतील आखाती घरांत ही रीतच आहे. इकडची माणसे टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलतात, तिकडचा ऐकतो आणि त्याच कॅसेटवर उत्तर भरून टपालाने धाडतो. त्याच्या कॅसेटी आईच्या नावाने येतात. मी त्या ऐकत नाही. चूक दाखवल्याचा राग येणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकून मला काय लाभ?

नुरजहाँला पक्षाघात होऊन वर्ष उलटले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. राहीलला हे कळवण्याचे काम मी रिझवानावर सोपवले होते : पुढच्या कॅसेटीत स्पष्ट शब्दांत सांग. तिने मान डोलावली. वर्ष झाले, मुलगा आला नाही. आईची ही अवस्था कळूनही जो येत नाही त्याच्याविषयी लिहावयास माझ्याजवळ शब्द नाहीत. आणि शब्दांची उणीव मला सहसा भासत नाही.

बुधवार, दि. १७ नोव्हेंबर

आज दुपारी जे घडले ते जसेच्या तसे नोंदवतो.

जेवणानंतर मी पडवीत पडलो होतो. रिझवानाच्या खोलीचे दार आतून बंद होते. आतून कुणीतरी धापा टाकल्याचा आवाज आला; पाठोपाठ मुलाचा असावा असा चिरका स्वर : “छोड़ दो मुझे! मैं उड़ जाऊँगा!” मग काहीतरी धप्पदिशी पडले. मी काठीने दार ठोठावले. रिझवानाने उघडले तेव्हा तिचा चेहरा लाल होता आणि केस सुटले होते. खोलीत कुणी नव्हते. पलंगाखाली पाहिले. खिडकीस गज आहेत. तेही हलवून पाहिले.

“व्यायाम करत होते, अब्बा.”

“‘छोड़ दो मुझे’ हा कोणता व्यायाम?”

“रेडिओवर नाटक चालू होतं.”

रेडिओ माझ्या उशाशी होता आणि तो बिघडला असल्याने बंद होता. हे मी तिला सांगितले. शेजारचा असेल, असे ती म्हणाली.

नुरजहाँपाशी बसावयास नाते गावाहून जी ठकूबाई येते, ती स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मी कारण विचारले.

“मास्तर, तुमचे कान हायत का सशाचे? पोरीनं घरात जरा मोठ्यानं बोलू पन नाय?”

मी तिला ‘हायत’ नव्हे ‘आहेत’, असे सांगितले. ती म्हणाली, “तुमच्या आहेतनं माझी भाकर फुगत नाय.”

या स्त्रीस काहीतरी माहीत आहे. नुरजहाँही मला पाहून डोळे मिटून घेते. परंतु झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत.

रविवार, दि. ५ डिसेंबर

रमजान जवळ आल्याने लग्ने उरकण्याची घाई चालू आहे. आज बिरवाडीस एका आप्ताकडे गेलो होतो. मांडवात जिला प्रथम पाहिले ती सादिया होती : अंथरुणाला खिळलेली, अशक्त सादिया. बिर्याणीचे दुसरे ताट तिच्यापुढे होते आणि ते ती मन लावून संपवीत होती.

मी जवळ जाऊन म्हणालो, “कावीळ कशी आहे?”

“कुणाची, चाचा?” तिने विचारले. रिझवाना तिच्या शेजारीच बसली होती. मेजाखाली काही हालचाल झाली असावी, कारण सादिया एकाएकी म्हणाली, “हां, हां, आहे ना. अजून पाय लटपटतात.” हातात कोंबडीची तंगडी तशीच होती.

तिचा नवरा सोहेल मला पूर्वीपासून आवडत नाही. पुरुषाने केसांस रबर लावू नये. उद्योग कोणता, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मी साउंडमध्ये आहे.” ध्वनीमध्ये माणूस कसा असेल, असे मी म्हणालो. त्यावर तो हसून म्हणाला, “आवाज पकडतो, सर. अंधेरीला.” आवाज पकडून त्याचे पुढे काय करतात, हे सांगण्यापूर्वीच त्याला कुणी हाक मारली. निघताना मात्र तो रिझवानाला हळूच म्हणाला आणि मी ते ऐकले, “सोमवारी आजीचं राहिलंय, विसरू नकोस.”

या दोन्ही बहिणींच्या दोन्ही आज्या निवर्तल्या आहेत. एकीच्या दफनास मी स्वतः उपस्थित होतो.

राहीलला कळवावे काय? मी कळवले तर तो तिला दासगावास माहेरी पाठवील आणि पुन्हा बोलावणार नाही. त्याचा स्वभाव मी जाणतो, कारण तो माझ्याकडूनच त्याला मिळाला आहे. म्हणून पुरावा हाती येईपर्यंत थांबणे इष्ट. एका मुलीचे घर संशयावर मोडू नये. परंतु संशय खरा ठरला, तर मी एक दिवसही विलंब लावणार नाही.

शनिवार, दि. १८ डिसेंबर

अक्षर वाईट येत आहे.

रोजा होता. दुपारी रेडिओ दुरुस्तीस देण्यासाठी बाजारात दत्तारामच्या दुकानी गेलो. हा माझा जुना विद्यार्थी. विभक्तिप्रत्यय त्याला कधी आले नाहीत, परंतु तारा जोडता येतात. दुकानात दुरुस्त झालेला एक दूरदर्शन संच तपासणीसाठी चालू ठेवला होता. त्यावर लहान मुलांची चित्रमालिका चालली होती : परदेशात बनवलेली, बोलणे हिंदीत घातलेले. एक कबुतराचे पिल्लू घड्याळाच्या मनोऱ्यावर राहते आणि उडावयास भिते. मी पाठ करून उभा होतो.

पाठीमागून नुरजहाँ बोलली.

मी वळलो. दुकानात दत्तारामाखेरीज कुणी नव्हते. पडद्यावर चष्मा लावलेली एक म्हातारी कबुतरीण पिल्लाला जवळ घेऊन म्हणत होती, “कुछ नहीं होता रे बाला. पहले खा ले.” बोलण्याआधी जिभेचा तो बारीक ‘च्च्’, मग अर्धवट हसू, मग वाक्य. हिंदी बोलणारी कोणती म्हातारी नातवाला ‘बाला’ म्हणते? ‘बाला’ ही आम्हा पोलादपूरकडच्या मुकादमांची हाक आहे. नुरजहाँने राहीलला मोठा होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारली नाही.

दत्ताराम म्हणाला, “सर, बसा. रोजा लागला काय?”

मी बसलो. कार्यक्रम संपेपर्यंत उठता आले नाही.

रविवार, दि. १९ डिसेंबर

रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला आहे. नुरजहाँने आजारापूर्वी राहीलसाठी ज्या कॅसेटी भरल्या, त्यांच्या प्रती रिझवानाने त्या सोहेलला दिल्या. तो ‘आवाज पकडतो’ याचा अर्थ आता उलगडला. माझ्या पत्नीचा आवाज तुकडे करून त्याने एका कबुतराच्या तोंडी जोडला आहे. नुरजहाँला हिंदी धड येत नव्हते ही अडचण उरते; परंतु यंत्रे हल्ली काय करू शकत नाहीत?

जिला एक शब्द उच्चारता येत नाही, तिच्या गळ्याची चोरी! आणि चोर घरातला.

शनिवार, दि. २५ डिसेंबर

अधिक पुरावा गोळा करण्यासाठी दत्तारामच्या दुकानी गेलो. मालिकेचे नाव ‘गुटरू’. आज आजीने गुटरूस थंडीत पंखाखाली घेतले आणि फार दटावले. दटावताना नुरजहाँचा आवाज शेवटच्या शब्दावर खाली येतो, वर जात नाही. तसाच आला.

शनिवार, दि. १ जानेवारी २०००

पुन्हा गेलो. रेडिओ तयार आहे, असे दत्ताराम म्हणाला. मी लावून पाहिला आणि खरखर शिल्लक असल्याचे सांगितले. त्याने कान लावला व म्हणाला, “सर, मला काय ऐकू येत नाय.” त्याचे कान पूर्वीपासूनच कच्चे आहेत. संच माझ्याकडे तोंड करून ठेवलेला होता आणि आज लाकडी स्टुलावर घडी केलेले पोते होते. हे सर्व कुणासाठी? तो माझ्याकडे संशयाने पाहतो असे मला वाटते.

पुराव्याच्या दृष्टीने शेवटपर्यंत बसणे आवश्यक होते. दुकानात डाख लावण्याचा धूर फार होतो, डोळे चुरचुरतात.

मंगळवार, दि. ११ जानेवारी

ईद परवा झाली. सणात वाद नको म्हणून थांबलो होतो. आज नुरजहाँच्या पलंगापाशी रिझवानाला उभे केले आणि ठकूबाईस बाहेर जाण्यास सांगितले. ती दाराच्या चौकटीपर्यंतच गेली.

मी सर्व मांडले : आजाराचे खोटे निमित्त, सोहेल, कबुतरीण. “माझ्या पत्नीच्या कॅसेटींच्या प्रती तू विकल्यास. त्या आजच्या आज परत आण. राहीलला मी उद्या लिहितो.”

रिझवानाचा चेहरा पांढरा पडला. तिने नुरजहाँकडे पाहिले. मग म्हणाली, “कॅसेटी विकल्या नाहीत, अब्बा. प्रती काढल्याच नव्हत्या कधी.”

“मग दूरदर्शनवर बोलते ती कोण?”

तिने जिभेने बारीक ‘च्च्’ केले, अर्धवट हसली आणि म्हणाली, “मास्तर, खाली बसा आधी. पोर घाबरलीय. ओरडून कुनाचं पोट भरलंय काय?”

मी बसलो. सवयीने बसलो. बसल्यावर ध्यानात आले की नुरजहाँचे ओठ मिटलेलेच होते.

त्यानंतर जे समजले ते क्रमाने लिहितो. नुरजहाँ आजारी पडली तेव्हा राहीलला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, काम सोडले तर पुन्हा मिळणे नाही. मुलाला कळवायचे नाही, असे नुरजहाँने डाव्या हाताने रिझवानाला बजावले. परंतु कॅसेट गेली नसती, तर त्याला शंका आली असती. तेव्हा रिझवाना खोलीचे दार लावून टेपरेकॉर्डरपुढे बसली आणि सासूच्या आवाजात बोलली. पुढे सादियाकडे गेली असता तिथेही एक कॅसेट भरावी लागली. सोहेलला दारातून दोन बायकांचे बोलणे ऐकू आले. आत पाहतो तो एकच. तो अंधेरीच्या ज्या स्टुडिओत आहे तिथे परदेशी चित्रपटांना इकडचे बोलणे चढवतात. त्याने तिला तिथे नेले. गुटरू तिचाच आणि आजीही तिचीच.

म्हणजे राहीलला काहीच ठाऊक नाही. वर्षभर मी त्याला जे दूषण देत होतो, ते...

मी म्हणालो की हे असत्य या क्षणी थांबले पाहिजे. तोच नुरजहाँने डावा हात पलंगाच्या कडेवर आपटला. मग तो हात तिने उचलला, रिझवानाच्या गळ्यावर ठेवला, आणि तिथून आणून आपल्या गळ्यावर ठेवला. असे तिने दोनदा केले. मला समजले नाही असे तिला वाटले असावे.

दारातून ठकूबाई म्हणाली, “तिनं दिलाय गो तिला. चोरी कसली, मास्तर?”

मी रिझवानास मुंबईस जाण्यास तूर्त मनाई केली. विचारास अवधी हवा.

रविवार, दि. १६ जानेवारी

सोहेलने एस.टी.च्या वाहकाबरोबर निरोप धाडला : रिझवाना उद्या आली नाही, तर आजीचे काम दुसऱ्या बाईस देतील. रिझवानाने तो मला सांगितला आणि ती भांडी घासावयास गेली. मागणे काहीच केले नाही. यामागे काही डाव असावा असे प्रथम वाटले. परंतु ती एकच पातेले पुष्कळ वेळ घासत राहिली.

जेवताना मी तिला या कामाची रीत विचारली, केवळ माहितीसाठी. ती म्हणाली, समोर पडद्यावर चोच उघडते आणि मिटते. उघडी आहे तेवढ्यातच बोलून संपवायचे. वाक्य लांबले तर ते मिटल्या चोचीतून ऐकू येते, आणि मग सगळे पुन्हा. धापा, उचक्या, घास गिळणे हेसुद्धा तोंडाने करायचे. आधी गुटरूचे सगळे बोलून घेतात, मग आजीचे.

“म्हणजे आजी बोलते तेव्हा समोर गुटरू नसतो?”

“नाही, अब्बा. काचेच्या खोलीत मी एकटी. कानात माझाच मघाचा आवाज असतो, त्याला उत्तर द्यायचं.”

“आणि शेवटी नाव दाखवतात?”

“आवाजवाल्यांचं नाही दाखवत.”

हे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटले. कर्त्याचा उल्लेख टाळून केलेली रचना मी विद्यार्थ्यांतही खपवून घेतली नव्हती.

तिला सांगितले आहे की उद्या जावे. हाती घेतलेले काम अर्धवट टाकणे मला पसंत नाही, एवढेच कारण. शिवाय ती दुसरी बाई कोण, कुठली, तिला ‘बाला’ म्हणता येते की नाही, कोण जाणे.

शनिवार, दि. २९ जानेवारी

रेडिओ घरी आणला. दत्तारामने एक जुना संचही बरोबर पाठवला. ‘पडूनच आहे, सर, वापरा,’ असे म्हणाला. त्याला नक्की काय माहीत आहे, हे विचारण्याचे मी टाळले. शेजारच्या केबलवाल्याकडून तार ओढून घेतली. चार वाजता नुरजहाँला उशा लावून बसवले.

आजी बोलू लागताच नुरजहाँ पडद्याकडे न पाहता रिझवानाकडे पाहू लागली. मग तिचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा हसत नाही. नंतर ती डाव्या हाताचे बोट माझ्याकडे रोखून हलवू लागली. आजी गुटरूला रागावत होती तेव्हा. ठकूबाई म्हणाली, “बगा, तुमालाच बोलतेय.”

शुक्रवार, दि. ११ फेब्रुवारी

पाच वर्षांपूर्वी केलेल्या अर्जानुसार आज घरात दूरध्वनी आला. खात्याच्या माणसाने तो नुरजहाँच्या खोलीतील फडताळावर बसवला. मंजूर झालेला क्रमांक माझ्या सांगण्यावरून रिझवानाने आठवड्यापूर्वीच पत्राने राहीलला कळवला होता. तेव्हापासून तिला झोप का नाही, हे आता समजते : कॅसेट दार लावून भरता येते, फोनवर मात्र तो आईशी थेट बोलू मागेल.

डॉक्टर येऊन गेले. नुरजहाँच्या छातीचे ठोके त्यांना आवडले नाहीत. मला पडवीत घेऊन म्हणाले, मुलगा बाहेर असेल, तर त्याला बोलावून घ्या. किती अवकाश आहे, असे मी विचारले. त्यांनी उत्तर टाळले. स्पष्ट न बोलणाऱ्या डॉक्टरांचा मला संशय येतो. परंतु या वेळी त्यांचा संशय घेऊन उपयोग नव्हता.

मंगळवार, दि. १५ फेब्रुवारी

राहीलची कॅसेट आली. रिझवानाने ती आत नेली आणि थोड्या वेळाने टेपरेकॉर्डर उचलून माझ्यापुढे आणून ठेवला. “हे तुम्ही ऐका, अब्बा.”

पुत्राचा आवाज मी इतक्या काळाने ऐकला. तो जाडा झाला आहे. मागे वाऱ्याचा सततचा घोष होता. तो म्हणत होता :

“अम्मी, इथं शेजारच्या कॅम्पात आपल्या वरंधचा एक ड्रायव्हर आलाय. तो बोलला, तुझी बायको दर आठवड्याला मुंबईच्या गाडीत दिसते. अम्मी, तू खोटं बोलणार नाहीस. तू सांग काय ते. तू बोललीस, तिला दासगावला पाठव, तर मी आजच पाठवतो. अब्बांना नको विचारू.”

मी यंत्र बंद केले. रिझवाना भिंतीशी उभी होती. न्याय करावयाचा होता तो तिचा. आणि न्यायाधीशाचा आवाज तिच्याच गळ्यात होता. ती काहीही बोलू शकत होती. राहीलने त्यावर विश्वास ठेवला असता.

मी म्हणालो, “उत्तर भरलेस काय?”

“नाही.”

“का?”

“बाकी सगळं बोलले त्यांच्या आवाजात, अब्बा. त्या काय बोलल्या असत्या ते मला माहीत होतं. पण माझीच बाजू मी अम्मींच्या तोंडून मांडू? ते मला नाही जमणार. दासगावला जायची पाळी आली तर जाईन.”

हा मायावी नम्रपणा असेल काय, हेही मनात तपासून पाहिले, कारण तपासणे माझा धर्म आहे. तसे काही आढळले नाही.

तिने कपडे पेटीत भरण्यास घेतले होते, हे ठकूबाईने मला संध्याकाळी सांगितले. म्हणाली, “मास्तर, आता तुमी गप्प बसलाव तर माज्याशी बोलू नका.”

शुक्रवार, दि. १८ फेब्रुवारी

तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. नमाजाहून परतलो आणि नुरजहाँच्या खोलीत फडताळापाशी खुर्ची टाकून बसलो. रिझवानाने विचारले की फोन आला तर तिने काय करावे. तू काही करू नकोस, असे मी तिला सांगितले. नुरजहाँला आज उशीवर मान धरवत नव्हती. ती माझ्याकडे डोळे लावून होती. तिला नको होते ते मी करणार, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे. मी तिच्यापाशी वाकून म्हणालो, “त्याने यायला हवे, नुरजहाँ.” तिने या वेळी हात आपटला नाही. पांघरुणाची कड मुठीत धरून राहिली.

घंटी वाजली तेव्हा आम्ही तिघेही दचकलो.

“मी नझीर मुकादम बोलतो आहे,” मी म्हणालो.

पलीकडे वारा होता. मग, “अब्बा?” आणि पुन्हा वारा. “अम्मीला द्या.”

मी वाक्ये आधी मनात बांधून ठेवली होती. ती त्याच क्रमाने बोललो. “राहील, तुझी आई बोलू शकत नाही. तू गेल्यावर चार महिन्यांत तिला पक्षाघात झाला. कॅसेटींत जो आवाज तू ऐकत होतास तो रिझवानाचा होता. तिने हे माझ्या सांगण्यावरून केले.”

शेवटचे वाक्य मी आधी बांधलेले नव्हते. रिझवानाने चटकन मान वर केली. आयुष्यात मी असत्य विधान केल्याचे मला स्मरत नाही. हे केले, आणि त्यात दुरुस्ती करण्याची इच्छाही झाली नाही.

“मुंबईस ती माझ्या परवानगीने जाते. आवाजाचे काम करते. उत्तम करते. ते काम मी स्वतः दर शनिवारी तपासतो.”

लाइन तुटली की काय, अशी शंका येऊन मी दोनदा ‘हॅलो’ म्हणालो.

“आहे मी,” तो म्हणाला. “अम्मी... आहे ना?”

“आहे. माझ्यासमोर आहे. परंतु तू लवकर ये.”

“मालकाशी बोलतो. आजच बोलतो.” मग म्हणाला, “अब्बा, एक विचारू? अम्मी दर कॅसेटीत सांगायची, अब्बा रोज तुझं नाव काढतात. तुझी कॅसेट आली की दाराआड उभं राहून ऐकतात. वर वर दाखवत नाहीत. तेपण रिझवानाच बोलायची?”

मी रिझवानाकडे पाहिले. तिने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली. मी कोणत्याही दाराआड उभा राहिलेलो नाही. रोज तर सोडाच, मी या घरात त्याचे नाव उच्चारत नव्हतो. दर कॅसेटीत हे सांगण्यास तिला कुणी सांगितले होते? नुरजहाँने? डाव्या हाताने एवढे कसे सांगणार?

पलीकडे वारा चालूच होता.

“शब्द तिचे होते,” मी म्हणालो. “मजकूर माझा होता.”

तो काहीतरी बोलू लागला, परंतु ते वाक्य पूर्ण झाले नाही. मी ते पूर्ण करून दिले नाही. म्हणालो, “आता आईशी बोल. ती ऐकते.” रिसीव्हर मी नुरजहाँच्या डाव्या कानाशी धरला. तिकडून “अम्मी” एवढे ऐकू आले. पुढचे नाही, कारण तिने डोके वळवून कान त्यावर घट्ट दाबला.

हात अवघडला तेव्हा रिझवाना पुढे झाली. मी तिला नको म्हणालो आणि दुसरा हात लावला.